हक्कानं बोलवावं असं कोणी

४ फेब्रुवारी, मंगळवार

गट सहा. माझ्या नावापुढं गट सहाच आला.

चिठ्ठ्या टाकून काढले म्हणे. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, मी वहीत उतरवून घेतलं आणि पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर गेले. बाकीच्यांना बाजाराजवळचे गट मिळाले. तिथं निदान सावली आहे. मी आणि घाईबाई गट सहा. घाईबाई हे मी मनातल्या मनात ठेवलेलं नाव – पंचवीस वर्षांची मुलगी, जिना उतरतानासुद्धा धावते.

गट सहा म्हणजे पुलाखालची वस्ती. नऊ वर्षांत मी तो पूल उतरलेली नाही.

सर्वेक्षणाचं काम, तीन-चार आठवड्यांचं. मॅडम म्हणाल्या, "गरिबी मोजायची नाही, ती मोजून झालीये. इथली माणसं बाकीच्या शहरापासून किती तुटलीत, ते मोजायचंय." त्यासाठी बेचाळीस प्रश्न. दर आठव्या घरात एक फॉर्म, एका फॉर्मला चाळीस मिनिटं. उत्तर सुचवायचं नाही. कीव दाखवायची नाही. ओळखीचं घर निघालं तर फॉर्म दुसरीकडं द्यायचा.

हा शेवटचा नियम मी दोनदा वाचला.

५ फेब्रुवारी, बुधवार

पाय. बाकी लिहायला काही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

टॅक्सीवाला पुलाच्या अलीकडंच थांबला.

"खाली नाही जात."

"का?"

"कोणीच नाही जात."

उतरलो. घाईबाईनं लगेच वहीत टिपून घेतलं, जणू टॅक्सीवाल्याचाही फॉर्म भरायचाय.

पहिलं घर नळदुरुस्ती करणाऱ्याचं. प्रश्न नऊ – इथल्या पत्त्यामुळं तुम्हाला कधी काही नाकारलं गेलं का? काम, कर्ज, शाळेत प्रवेश वगैरे. तो म्हणाला, "पत्ता सांगतोच कुठं मी? मेव्हण्याचा देतो. कागदावर सात वर्षं त्याच्याच घरी राहतोय. आता वैतागलाय तो." आणि स्वतःच हसला. आता खूण कुठं करायची? पत्ता दिलाच नाही, म्हणजे नाकारलं गेलं नाही. मी 'नाही'वर खूण केली. नियमाप्रमाणं बरोबर. पण खूण करताना पेन अडखळलं.

दुसरं घर एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं. प्रश्न सतरा – गेल्या महिन्यात बाहेरचं कोणी तुमच्या घरी आलं होतं का? किती जण?

"आलं की. एक."

"कोण?"

"तुम्ही."

संध्याकाळी मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, सर्वेक्षकाला धरायचं नाही. शून्य लिहा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चार फॉर्म. एका घरातली बाई काज-बटणांचं काम करते. सगळे प्रश्न संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही, शेवटी विचारलं, "हे सगळं लिहून घेऊन पुढं काय?" पाठ केलेलं उत्तर दिलं – तुमच्या वस्तीच्या गरजा लोकांपर्यंत पोचतील. ती म्हणाली, "मागच्या वेळीही आले होते. उभ्याउभ्या फोटो काढून गेले. तुम्ही बसलात तरी."

एवढ्यावर कौतुक! घरी येताना तेच डोक्यात.

८ फेब्रुवारी, शनिवार

शनिवारी मी ऑफिसात. आठवड्याचे सगळे फॉर्म तपासायचे, रिकामे रकाने शोधायचे, हे माझं जादा काम. वय झालं की माणसाला तपासनीस करतात. सहा तास बसून मान आखडली.

रात्री ताटं वाढताना ह्यांनी विचारलं, "कुठला भाग मिळाला?" सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"मग?"

"मग काय. बघू."

"मॅडमना सांगून बदलून घे."

"काय म्हणून सांगू?"

वर्तमानपत्र परत वर.

१० फेब्रुवारी, सोमवार

इथं तरी लिहिते. इथं कोण वाचतंय.

ताई त्या वस्तीत राहते. माझी सख्खी मोठी बहीण. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी चार वर्षांची होते. ताईनं शाळा सोडली आणि मला वाढवलं. माझ्या वेण्या, माझा अभ्यास, माझी आजारपणं, सगळं तिनं काढलं. माझं लग्न झालं, ह्यांना बढती मिळाली, आम्ही नव्या इमारतीत आलो. तिकडं भावोजींचा हात यंत्रात सापडला, काम सुटलं, आणि ती दोघं पुलाखाली राहायला गेली. तरी ताई यायची. महिन्यातून एकदा, पिशवी घेऊन, चालत.

नऊ वर्षांपूर्वी मला ताप होता. लेक शाळेत होती, हे कामासाठी परगावी. मी फोन केला आणि ताई तासाभरात हजर. मळकट कपडे, कामावरून तशीच उठून आलेली. लेकीला जेवू घातलं, भांडी घासली, माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी डोकावल्या. इमारतीत आम्ही नवीन. त्यांनी ताईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "ह्या कोण?"

मी म्हटलं, "मदतीला येतात आमच्याकडं."

ताई ओट्यापाशी उभी होती. दोन हातांच्या अंतरावर. तिनं ऐकलं. वहिनी गेल्यावर तिनं उरलेली भांडी घासून पालथी घातली, मला औषध दिलं, ह्यांची गाडी पोचेपर्यंत थांबली आणि गेली. परत कधी आली नाही. मीही गेले नाही. सुरुवातीला लाजेनं. मग वर्ष झालं, दोन झाली, आणि आता कुठल्या तोंडानं जायचं म्हणून. मध्येच कधीतरी तिचा नंबर बंद झाला. लोक विचारतात तेव्हा मी सांगते, बहीण बाहेरगावी असते.

बाहेरगावी. टॅक्सीनं वीस मिनिटं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गल्ली दोन संपली. उद्या गल्ली तीन. ताईचं घर तिसऱ्या गल्लीत आहे, एवढंच आठवतं. दर आठवं घर, म्हणजे आठातली सात घरं सुटतात. सुटेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सुटलं नाही.

मी मोजत चालले होते. पाच, सहा, सात – आणि आठव्या दारावर ते पितळी कडं. आईच्या घराच्या दाराचं. घर मोडलं तेव्हा ताईनं तेवढंच मागून घेतलं होतं. मी जागच्या जागी थांबले. घाईबाई म्हणाली, "काय झालं?"

"ओळखीचं घर आहे. तू कर हे."

"कोणाचं?"

"आहे ओळखीचं."

मी सार्वजनिक नळापाशी जाऊन उभी राहिले, पाठ करून. कडी वाजली. दार उघडल्याचा आवाज. मग ताईचा आवाज, "या, आत या, उन्हात उभ्या कशाला?" अगदी तोच. जरा बसका झालाय, बस.

चाळीस मिनिटांचा फॉर्म, आणि घाईबाई दीड तास आत. घाईबाई! मी नळापाशी तीन बायकांना जागा करून दिली, एकीची बादली उचलू लागले, बुटाचा बंद चारदा सोडून बांधला. शेवटी ती बाहेर आली.

"फारच गप्पिष्ट बाई. चहा पाजल्याशिवाय सोडेचना. मलाच उलट विचारत होती, रोज किती चालता, कोणाबरोबर येता, जेवता कधी."

"आणखी काय म्हणाली?"

"फॉर्ममध्ये आहे की सगळं."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखत होतंच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फॉर्मचा गठ्ठा टेबलावर होता. तिसऱ्या गल्लीचे मी सगळ्यांत खाली ठेवले. दुपारी चार वाजता तेवढेच उरले.

घाईबाईचं अक्षर तिरकं, पण वाचता येतं.

वय – सत्तावन्न. काम – दुकानासाठी पडदे शिवणे. शिक्षण – सातवी. शाळा सोडण्याचं कारण – घरी लहान बहीण.

घरात एकूण माणसं – एक.

मला वाटलं, घाईबाईनं घाईत चुकीचं लिहिलं. पुढच्या ओळीत पाहिलं. वैवाहिक स्थिती – विधवा. किती काळ – चौदा महिने.

भावोजी गेले. गेले, आणि चौदा महिने झाले, आणि मला ते एका रकान्यातून कळलं. माझ्या लग्नात सगळ्यांना वाढून झाल्यावर, ताटं उचलून झाल्यावर शेवटी जेवायला बसलेला माणूस. त्या दिवसांत मी काय करत होते? बहुतेक घराला रंग लावून घेत होते. पिवळा की पांढरा, ह्यावर आठवडाभर वाद घातला होता आम्ही.

बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत येऊन बसले. काम पुरं करायचंच होतं.

प्रश्न एकवीस – अडचणीच्या वेळी हक्कानं बोलवावं असं कोणी आहे का? नातं लिहा.

धाकटी बहीण.

प्रश्न बावीस – त्यांना शेवटचं कधी बोलावलं? कधीच नाही. कारण – वेळच आली नाही.

रकाने सगळे भरलेले होते. रिकामं काही नव्हतं. मी खाली सही केली. तपासले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मॅडम गुण कसे देतात ते आज दाखवत होत्या. जितके गुण जास्त, तितकं माणूस जास्त तुटलेलं. उदाहरणाला म्हणून वरचे दोन-तीन फॉर्म घेतले, त्यात ताईचा. एकटी राहते, गुण. शिक्षण कमी, गुण. बाहेरचं येणंजाणं कमी, गुण. मग एकवीसवर बोट ठेवलं. "इथं बघा. हिला सख्खी बहीण आहे. म्हणजे आधार आहे. एकदम खाली आली ना बेरीज? एवढी वाईट परिस्थिती नाही हिची."

सगळ्याजणी माना हलवत होत्या. मीही हलवली.

ताईची बेरीज कमी आली ती माझ्यामुळं. माझ्या जोरावर ती बरी ठरली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांना सांगितलं, भावोजी गेले. हे म्हणाले, "जाऊन ये." मी म्हटलं, "आता?" ते म्हणाले, "आता नाही तर कधी?" आणि उठून स्वतःच चहा टाकला. अठ्ठावीस वर्षांत दुसऱ्यांदा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शंभरातले दहा फॉर्म परत जाऊन पडताळायचे असतात. तपासनीस जातो, चार-पाच प्रश्न पुन्हा विचारतो, उत्तरं जुळतात का बघतो. कुठले दहा, ते कॉम्प्युटर ठरवतो. गट सहाची यादी आली. तिसऱ्या गल्लीतलं ते घर यादीत नव्हतं.

मी हातानं लिहिलं. नियम मोडला. चौदा वर्षं असली कामं करतेय, पहिल्यांदाच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दार उघडंच होतं. आत एक साठीचा माणूस स्टुलावर चढून खिडकीच्या चौकटीला रंधा मारत होता. जमिनीवर भुसा. ताई शिवणयंत्रावर. केस सगळे पांढरे. मला बघून तिनं चाक हातानं थांबवलं.

मी ओळखपत्र पुढं केलं. खरंच केलं. दुसरं काय करावं सुचेना.

"पडताळणीसाठी आलेय," म्हटलं.

"बस," ती म्हणाली. "त्या खुर्चीवर नको, ती हलते."

"तिचा पाय उद्या बसवतो," वरून तो माणूस म्हणाला.

"हे शेजारी. सुतारकाम करतात," ताई मला म्हणाली. आणि त्यांना म्हणाली, "ही माझी बहीण."

इतक्या सहज. नऊ वर्षं मध्ये नसल्यासारखं. सुतार स्टुलावरून उतरले, हात झटकले, "बोला तुम्ही, मी येतो मागनं," म्हणाले आणि रंधा तिथंच ठेवून गेले.

आम्ही दोघी. तिनं पाणी दिलं. मी प्याले. मग मी म्हटलं, "भावोजींचं मला – "

"कळवणार होते. मग म्हटलं, तुला यावंसं वाटलं नाही तर ते मला बघवणार नाही. त्यापेक्षा नकोच." सांगताना आवाज सरळ होता. "त्रास झाला नाही त्यांना. झोपेत गेले."

"ताई, त्या दिवशी वहिनींना मी जे – "

"मदतीलाच आले होते मी. खोटं कुठं बोललीस?"

ती हसली नाही. रागावलीही नाही. मला वाटतं, तिनं हे वाक्य फार वर्षं जपून ठेवलं असणार. ते एकदाचं टाकलं आणि चहाचं आधण ठेवायला उठली. मी भिंतीकडं बघत बसले. रडू आलं तेव्हा फॉर्म मांडीवर होता, कडेला ओला झाला.

चहा देताना तिनं विचारलं, "काय पडताळायचंय?"

मी एकवीसवं उत्तर वाचून दाखवलं.

"तुला खिडकीतनं पाहिलं होतं मी. नळापाशी. उन्हात पाठ करून उभी. त्या मुलीला विचारलं, हे कागद पुढं कोण वाचतं? ती म्हणाली, बरोबरच्या बाई तपासतात. म्हणून तसं सांगितलं. तू वाचावंस म्हणून."

"मग खरं काय?"

"खरं पाहिजे तुला?"

"पडताळणी आहे."

"मग खोड आणि शेजारी लिही. ह्यांना शेवटचं नेलं तेव्हा गाडी पुलापर्यंतच आली. खालपासून वरपर्यंत ह्यांना कोणी उचलून नेलं? शेजारी. मला पंधरा दिवस ताप होता, दोन वेळचं कोणी आणून ठेवलं? शेजारी. तू लिही."

मी खोडलं. 'धाकटी बहीण'वर रेघ मारली, वर 'शेजारी' लिहिलं, बाजूला आद्याक्षरं घातली. अक्षर नीट आलं.

निघताना तिनं नवा नंबर दिला. मी तिच्या समोरच मोबाइलमध्ये घातला. ती म्हणाली, "पायांत चांगले बूट घाल गं. हे काय घातलंयस?"

२२ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमनी दुरुस्ती पाहिली. "शेजारी? मग अर्धाच गुण वजा होईल. रक्ताचं नातं असेल तर पूर्ण." ताईची बेरीज वर गेली. आता ती 'तीव्र' गटात बसते.

मी विचारलं, "शेजारी रोज येत असेल आणि नातेवाईक कधीच येत नसेल, तरी?"

मॅडमनी पेन ठेवलं. वाईट नाहीत त्या. त्याही दमलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. पण पाच शहरांत हेच गुण आहेत. एका ठिकाणी बदलले तर तुलना कशी करायची?"



२३ फेब्रुवारी, रविवार

ताईला फोन केला. "जेवलीस का?" तिनं विचारलं. हो म्हटलं. "बरं," ती म्हणाली. एक मिनिट बावीस सेकंद.

१ मार्च, शनिवार

काम संपलं. गट सहाचा आकडा तयार झाला – शून्य पूर्णांक एकसष्ट. मॅडमनी मोठ्या कागदावर छापून आणला. बाकीच्या गटांच्या मानानं वाईट, पण सर्वांत वाईट नाही. कुठल्याशा बैठकीत जाणार आहे. मेव्हण्याच्या पत्त्यावर राहणारा नळवाला त्यात आहे, पहारेकऱ्याचा शून्य आहे, ताई आहे. कागद हातात घेऊन मी खूप वेळ बघितला. कुठंच कोणी दिसलं नाही.

घाईबाईनं निघताना मिठी मारली. म्हणाली, पुढच्या कामालाही बरोबरच येऊ. मी हो म्हटलं. दोन दिवस नुसतं झोपायचं ठरवलंय.

२ मार्च, रविवार

ताईला फोन. तीन मिनिटं. लेकीबद्दल विचारलं तिनं. नोकरी, केस किती लांब, अजून भाजीतले कांदे बाजूला काढते का. काढते, म्हटलं. बोलणं संपलं तरी फोन कोणीच ठेवला नाही.

८ मार्च, शनिवार

वहिनी जिन्यात भेटल्या. बोलता बोलता विचारलं, "सर्वेक्षण का काय ते, कुठं होतं तुमचं?" पुलाखाली, म्हटलं. "बाई गं. तिथं तुम्हाला भीती नाही वाटली?" मी म्हटलं, "माझी बहीण राहते तिथं." त्या म्हणाल्या, "तुमची बहीण तर बाहेरगावी ना?"

"नाही," म्हटलं. "तुम्ही पाहिलंय तिला."

त्यांना आठवेना. मी आठवण करून दिली. मग त्यांना कुठंतरी जायची घाई झाली. वर येऊन मी पाय पसरून बसले. जिना तोच, पण फार दमले.

१६ मार्च, रविवार

आज फोन ताईनंच केला. पहिल्यांदा.

"येत्या शनिवारी अकरा वाजता मोकळी आहेस का?"

"का गं? बरं नाही का?"

"बरी आहे मी. लग्न करतेय. नोंदणी कार्यालयात."

"कोणाशी?"

"सुतारांशी. त्यांनी विचारून सहा महिने झाले, मीच थांबवलं होतं. साक्षीदार कमी पडतोय. येशील?"

हो म्हटलं. मग विचारलं, काय घालून येऊ?

"निळं घाल," ती म्हणाली. "तुला निळं खुलतं."